मसुराच्या दाण्यासारख्या दीर्घिका

१८४५ साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉसने आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून एम ५१ पाहिली आणि कागदावर भोवरा काढला. भोवऱ्याच्या एका हाताच्या टोकाशी त्याने एक गोळाही काढला. तो गोळा म्हणजे एनजीसी ५१९५, शेजारची छोटी दीर्घिका. ती सहसा भिंगाकार दीर्घिकांत धरतात, जरा विस्कटलेली म्हणून. भिंगाकार म्हणजे मधे फुगवटा, भोवती तबकडी, पण सर्पिल हात नाहीत. मसुराचा दाणा आठवा.

१९३६ मध्ये हबलने आपल्या वर्गीकरणात या प्रकाराला एस-शून्य हे नाव दिलं, तेव्हा तो बराचसा कल्पनेतलाच होता. मग प्रश्न आला, हात गेले कुठे? १९५१ मध्ये स्पिट्झर आणि बाडे म्हणाले, दीर्घिकांच्या गर्दीत दोघी एकमेकींतून आरपार गेल्या तर तारे सुखरूप राहतात, वायू मात्र झडून जातो. वायू नाही तर नवे तारे नाहीत. १९७२ मध्ये टूमरे बंधूंनी संगणकावर दाखवलं की शेजारीण नुसती जवळून गेली तरी ताऱ्यांच्या लांब शेपट्या ओढल्या जातात. त्यांनी घेतलेल्या जोड्यांत एम ५१ आणि तिची ही शेजारीणही होती.

म्हणजे भिंगाकार दीर्घिका ही लुटली गेलेली सर्पिल? चित्र आकर्षक आहे, म्हणूनच मला त्याची थोडी भीती वाटते. सगळ्यांना एकच गोष्ट लावता येईल का?

हा प्रश्न पुण्यात, गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारातल्या आयुकात आला. सुधांशु बर्वे, अजित केंभावी, योगेश वाडदेकर आणि सहकाऱ्यांनी भिंगाकार दीर्घिकांच्या अवरक्त प्रतिमा तपासल्या. अवरक्त अशासाठी की तिथे धुळीचा त्रास कमी आणि म्हाताऱ्या ताऱ्यांचा उजेड जास्त. प्रत्येकीचा फुगवटा आणि तबकडी वेगवेगळी मोजली. २००७ मध्ये निकाल छापून आला. अंधुक दीर्घिकांत फुगवटा मोठा तशी तबकडीही मोठी. तेजस्वी दीर्घिकांत हे नातं दिसेना.

एका नावाखाली दोन घराणी निघाली. अंधुक बहुधा वायू गमावलेल्या सर्पिल. तेजस्वी दीर्घिकांचा जन्मच वेगळा, फार पूर्वी झालेल्या विलीनीकरणांतून किंवा झपाट्याच्या आकुंचनातून.

एम ५१ चा फोटो फोनवर मोठा करून बघा. भोवऱ्याची काळी धूळ त्या गोळ्यावरून गेलेली दिसेल. शेजारीण मागे उभी आहे.