तिसरा पँटोग्राफ

माणसाने आयुष्यात पँटोग्राफ एकदा पाहावा, फार तर दोनदा. माझ्या नशिबी तो तीनदा आला आणि तिसऱ्या खेपेला चांगलाच महागात पडला.

पहिला भेटला ऑफिसात. 1974 साली मी सरकारी खात्यात ट्रेसर म्हणून चिकटलो, तेव्हा हेड ड्राफ्ट्समनच्या कपाटात एका लाकडी पेटीत तो झोपलेला असे. चार पट्ट्यांचा समांतरभुज चौकोन. एक टोक टेबलाला खिळलेले, एकाला टोचणी, एकाला पेन्सिल. टोचणी मूळ नकाशाच्या रेघेवरून फिरवली की पेन्सिल शेजारच्या कागदावर तोच नकाशा लहान किंवा मोठा करून काढते. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "हात तुझा, अक्कल त्याची. तू मध्ये येऊ नकोस." मी निवृत्त होईपर्यंत मध्ये आलो नाही.

दुसरा भेटला लोकलच्या टपावर. 3 फेब्रुवारी 1925 रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली. अशा गाडीच्या टपावरचा जो सांगाडा वरच्या तारेतून वीज ओढतो, त्यालाही पँटोग्राफच म्हणतात. जुन्या सांगाड्याचा आकार त्या नकाशाच्या यंत्रासारखा चौकटचा होता, म्हणून नाव चिकटले. हा पँटोग्राफ काही काढत नाही. तो तुटला की मात्र हजारो माणसे रुळांतून चालत घरी जातात, आणि त्यांतला एक नेहमी मी असे.

तिसरा भेटला थेट अमेरिकेत, ओहायो राज्यात. लेकीचे बाळंतपण जवळ आले म्हणून आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. जाताना हिने बॅगेत लोणच्याच्या बरण्यांच्या जोडीला माझ्या आईची दोन इरकली लुगडी घेतली. "नातवंडाला पणजीच्या लुगड्याची गोधडी हवी," असा हुकूम. लुगड्यांचे तुकडे कापून, त्यांना मागून पातळ अस्तर लावून, जोडण्याचे काम हिने तीन आठवड्यांत उरकले. पण तिचा खांदा आखडला, आणि वरचे कापड, मधला कापूस व खालचे अस्तर एकत्र टाचायचे राहिले.

"बाबा, गावातल्या क्विल्टच्या दुकानात लाँगआर्म मशीन तासावर भाड्याने मिळतं," लेक म्हणाली. "पण आधी शिकवणी घ्यावी लागते."

"तुम्हीच जा," ही म्हणाली. "जन्मभर दुसऱ्याच्या रेघा गिरवण्याचाच तर पगार घेतलात!"

लाँगआर्म म्हणजे आजानुबाहू शिलाई मशीन. घरच्या मशीनची सुई आणि खांब यांच्यात वीतभर जागा असते. इथे ती 18 पासून 30 इंचांपर्यंत. घरी मशीन जागेवर उभे राहते आणि कापड पळते. इथे कापड दहा-बारा फुटी चौकटीत गुंडाळून पडलेले असते आणि मशीनच रुळांवरून पळते. अशी यंत्रे घरोघरच्या शिवणाऱ्यांच्या आवाक्यात आली ती साधारण 1980 च्या दशकापासून. त्यांच्या मागे एक लांब टेबल असते. त्यावर नक्षीचा कागद पसरायचा, मशीनच्या मागच्या मुठी धरायच्या आणि लेझरचा लाल ठिपका कागदावरच्या रेघेवरून फिरवायचा. पुढे सुई कापडावर तीच नक्षी उमटवते. त्या कागदाला म्हणतात पँटोग्राफ!

मी शिकवणाऱ्या बाईंना म्हटले, "पण यात पँटोग्राफ कुठे आहे? पट्ट्या नाहीत, लहानमोठे करणे नाही. ठिपका आणि सुई एकाच धडाला जोडलेले, जेवढ्यास तेवढे." बाईंनी माझ्याकडे पाहिले. सत्तरी ओलांडलेल्या, चष्मा साखळीला लटकवलेल्या बाई. म्हणाल्या, "नाव राहू द्या. आधी सरळ उभे राहा, गुडघे सैल सोडा."

गुडघे सोडले, पण नाव काही सुटेना. रात्री त्याचाच शोध घेत बसलो. मूळ पँटोग्राफ काढला क्रिस्टोफ शाइनर या जर्मन जेझुइट पाद्र्याने, 1603 साली. हाच तो, जो पुढे सूर्यावरच्या डागांवरून गॅलिलिओशी भांडला. त्याची हकीगत मजेची आहे. एका चित्रकाराने त्याच्यापुढे बढाई मारली की माझ्याकडे कुठलेही चित्र हुबेहूब उतरवणारे यंत्र आहे. शाइनर म्हणाला, दाखव. चित्रकार दाखवेना. तेव्हा शाइनरने स्वतःच डोके लढवून यंत्र केले आणि 1631 साली त्यावर पुस्तक छापून सगळ्या जगाला दाखवले. म्हणजे नक्कल करण्याचे यंत्रसुद्धा न पाहिलेल्या यंत्राची नक्कल!

मग रजईवरची नक्षी पूर्वी कशी उतरवत? आता तुम्ही म्हणाल, रजईला नक्षी हवीच कशाला? तर टाके शोभेसाठी नव्हतेच. ते कापूस जागचा हलू नये म्हणून. जुना कापूस बोट-दोन बोटांवर टाका घातला नाही तर धुण्यात गोळा होई. एवढे टाके घालायचेच आहेत तर बरे दिसतील असे घालू, एवढ्यातून नक्षी जन्मली. अमेरिकेत बायका चर्चमध्ये एका चौकटीभोवती बसून शिवत, तेव्हा मोजमापाचे साधन म्हणजे स्वतःचे कोपर. कोपर टेकवायचे, हातात खडू धरायचा आणि अर्धवर्तुळावर अर्धवर्तुळ ओढायचे. पंख्यासारखी ही नक्षी बॅप्टिस्टांच्या गावात 'बॅप्टिस्ट फॅन' आणि मेथॉडिस्टांच्या गावात 'मेथॉडिस्ट फॅन'. पंथ निराळे, कोपर एकच.

ज्यांना कोपराचा भरवसा नव्हता त्या कागदाला टाचणीने भोके पाडत आणि त्यावर पुडीची पुरचुंडी थापटत. आपल्याकडे दिवाळीत रांगोळीचे ठिपके काढायला भोकांचा कागद असतो, त्याचीच ही सावत्र बहीण. आणि इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थंबरलंडमधल्या ॲलनहेड्स नावाच्या खाणकामगारांच्या गावात, 19 व्या शतकाच्या अखेरीस चक्क हा धंदाच होता. जॉर्ज गार्डिनर हा गावचा दुकानदार निळ्या पेन्सिलीने रजईच्या कापडावर वेलबुट्टी आखून देई. त्याची शिष्या एलिझाबेथ सँडरसन तर गुरूच्याही वर गेली. बायका कोरे कापड पाठवत, आखलेले घेऊन जात आणि त्या निळ्या रेघांवरून हाताने शिवत. म्हणजे आमच्याच जातीची माणसे, ट्रेसर! मला एकदम माहेर भेटल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी छाती काढून दुकानात गेलो आणि नक्ष्यांच्या गुंडाळ्यांतून सगळ्यांत भारी निवडली: पिसांची. एकेक पीस म्हणजे अर्धा बदाम, आणि दर पिसानंतर आल्या रेघेवरून परत जायचे. बाईंनी न बोलता जुन्या चादरीचा तुकडा लावून दिला. तासाभरात मी कोंबडी सोलल्यासारखे काहीतरी केले.

मग बाईंनी निवडीचे व्याकरण सांगितले. नवशिक्याने सरळ रेघ, टोकदार कोपरा आणि पूर्ण वर्तुळ यांच्या वाटेला जाऊ नये. चूक तिथे चावडीवर बसते. मोकळ्या, वळणदार, लाटांसारख्या नक्षीत चूक खपते, कारण कुठली लाट कशी असावी हे कोणालाच ठाऊक नसते. एकीत एक गुंतणाऱ्या ओळी घ्याव्यात, म्हणजे कापड गुंडाळून पुढची ओळ सुरू करताना सांधा दिसत नाही. फार दाट नक्षी घेतली तर गोधडीची फळी होते. आणि सराव? आधी नक्षी बोटाने गिरवा, मग पेन्सिलीने, मग सुई बंद ठेवून मशीनने. "ठिपक्याकडे बघू नका, ठिपक्याच्या पुढे बघा," बाई म्हणाल्या. सायकल शिकवताना वडील हेच सांगायचे, आणि मी चाकाकडे बघून गटारात जायचो.

आठवडाभर मी जेवणाच्या टेबलावर बोटाने लाटा काढत होतो. लेक हिला हळूच म्हणाली, "आई, बाबा बरे आहेत ना?"

शेवटी लुगडी चौकटीवर चढली. पहिल्या दोन ओळी झकास गेल्या. तिसऱ्या ओळीत कसलासा बारीक आवाज आला म्हणून मशीन थांबवून पुढे जाऊन बघतो तो पदराचा विरलेला भाग सुईखाली फाटत चाललेला. माझ्या लाटा अगदी कागदाबरहुकूम होत्या. कापड मात्र मी तासभर पाहिलेच नव्हते. पँटोग्राफवाला मशीनच्या मागे उभा असतो. त्याला कागद दिसतो, कापड दिसत नाही.

तिथे एकदम सोलापूरचे घर आठवले. मी शाळकरी होतो. आई ओसरीवर वाकळ शिवत होती आणि तिचा धावदोरा वाकडा जात होता. मी मोठ्या ऐटीत फूटपट्टी आणि खडू घेऊन तिला सरळ रेघा आखून दिल्या. संध्याकाळी बघतो तर दोरा चार ठिकाणी रेघ सोडून गेलेला. मी चिडलो. आई म्हणाली, "तुझी रेघ बरोबर आहे रे. पण इथं लुगडं विरलंय, ते तुझ्या रेघेला कुठं ठाऊक?" आणि तिथे तिने टाके जवळजवळ घातले होते.

बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी फाटले तिथे बोट ठेवले. त्यांनी चष्मा चढवला, खालून एक चिंधी सरकवून दिली आणि म्हणाल्या, "आता पुढच्या बाजूने या. कागद विसरा." लाँगआर्मला पुढेही मुठी असतात. त्या धरून, कापडाकडे बघत, मी पदरावर जवळजवळ टाके घातले. हात थरथरत होता. पन्नास वर्षांनी मी प्रथमच मध्ये आलो होतो. मग पुन्हा मागे गेलो, लाट जिथे सुटली होती तिथे पकडली आणि सुखरूप किनाऱ्याला लागलो.

नात झाली. बारशाला लेकीने गोधडी पाळण्यात अंथरली, बोटाने लाटांवरून फिरत फिरत पदरापाशी आली आणि थबकली.

"बाबा, इथे काय लाइट गेले होते?"

"नाही," मी म्हटले, "इथे तुझी आजी मध्ये आली."