पोथीचे पान उलटताना

मुलांच्या एका मासिकाने मजकडे चित्रकथा मागितली. चार कादंबऱ्या लिहिलेला मी. आठ पानांची चित्रकथा ती काय मोठीशी, म्हणून एका रात्रीत लिहून मोकळा झालो. चित्रकाराने कागद परत धाडले. वर एकच ओळ होती : "मास्तर, मी चित्र कुठे काढू?"

मला राग आला. परंतु कागद पुन्हा वाचले, तेव्हा त्याचे म्हणणे पटले. राजा रागावला, त्याच्या भुवया चढल्या, हात तलवारीकडे गेला, हे सारे मीच लिहून ठेवले होते. बिचाऱ्या चित्रकाराला राजाचा जिरेटोप तेवढा उरला होता!

आमच्या भिवंडीत मुलांच्या घरी मराठीच बोलतात असे नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात उर्दू, हिंदी, तेलुगू सारे काही ऐकू येते. माझ्या वर्गात एका पद्मशाली घरातली मुलगी होती. मराठी वाचताना ती अडखळे. एकदा तिच्यापुढे चित्रांचे पुस्तक ठेवले. एका चित्रात पोराच्या डोक्यावर मडके होते. दुसऱ्यात खापऱ्या, आणि दारात आई. "मध्ये काय झालं गं?" मी विचारले. "पोरगा वर पतंग बघत होता," ती म्हणाली. पतंग चित्रात कोठेच नव्हता! दोन चित्रांमधली जागा तिने स्वतःच भरून काढली होती.

ही जागा आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच ओळखली होती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक रंगविले आहे. तेथे एकाच भिंतीवर राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो : कधी महालात, कधी रथात, कधी वनात. चौकटी नाहीत, पाहणाऱ्याची नजर पुढे सरकते, तशी कथाही सरकते. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लासा'त चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे.

ती परंपरा आजही पाहावयाची असेल, तर कुडाळजवळच्या पिंगुळीस जावे. मीही गेलो. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची कला जपली. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातील प्रसंग रंगवावयाचे, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवावयाचे, आणि अशा पानांच्या जुडग्याला पोथी म्हणावयाचे. आरंभी गणपती, सरस्वती, मग आख्यान. कथेकरी एकेक पान समोर धरतो, वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीवर गातो, बोलतो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घराच्या अंगणात उभारलेले संग्रहालय पाहून डोळे निवतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही अशी जुनी चित्रे आहेत.

मी पाहिले ते असे. चित्रात दोन वीर समोरासमोर उभे. डोळे टपोरे, धनुष्ये ताणलेली. बाण सुटला की नाही, हे चित्र सांगत नाही. कथेकरी थांबतो, आवाज खाली आणतो, आणि पान उलटतो. बाण सुटतो तो त्या उलटण्यात! वीर कसा दिसतो हे कथेकरी सांगत बसत नाही. ते समोर आहेच. डोळ्यांना न दिसणारे तेवढे तो बोलतो : शाप, वचन, मनातली भीती.

पुढे 1967 साली अनंत पै यांनी मुंबईत 'अमर चित्र कथा' सुरू केली. त्यातला 'कृष्ण' राम वाईरकरांनी रंगविला, आणि घराघरांतली मुले त्यावर तुटून पडली. छापखाना नवा होता. पान उलटण्याची युक्ती मात्र जुनीच.

घरी येऊन मी माझी चित्रकथा नव्याने लिहिली. राजाचा राग चित्रकाराच्या हवाली केला. प्रत्येक उजवे पान अशा ठिकाणी तोडले, की बोट आपोआप पुढे जावे. चित्रे तयार झाली, तेव्हा ती प्रथम त्या मुलीला दाखविली. तिने शेवटपर्यंत पाहिली, मग एक पान मागे उलटले आणि म्हणाली, "सर, राजा रडतोय ते दिसतंय की. मग खाली कशाला लिहिलं?"

मी लाल पेन्सिल घेतली आणि ती ओळ खोडली.