जर्मन पोलादी शिरस्त्राण : परीक्षण, जतन आणि ऐतिहासिक पुरावा

प्रस्तावना :
लिखित कागदपत्रांप्रमाणेच युद्धसामग्री हेही इतिहासाचे साधन होय. पहिल्या महायुद्धातील जर्मन पोलादी शिरस्त्राणाच्या आधारे परीक्षण आणि दुरुस्ती यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
प्रशियन सैन्यात १८४२ पासून रूढ असलेले टोकदार चामडी शिरस्त्राण खंदकयुद्धात तोफगोळ्यांच्या तुकड्यांपुढे निष्प्रभ ठरले. हॅनोव्हर येथील तंत्रशिक्षण संस्थेतील फ्रीडरिश श्वेर्ड यांनी मानेचेही रक्षण करणारे पोलादी शिरस्त्राण सिद्ध केले. १९१६ मध्ये व्हर्दांच्या लढाईत ते सैनिकांच्या डोक्यावर आले.

परीक्षण :
कवचाच्या आतील बाजूस ठोकलेल्या अक्षरांवरून कारखाना व अंकांवरून माप समजते. उदा. ‘ईटी ६४’ म्हणजे थाले येथील कारखाना व ६४ माप. १९१६ च्या नमुन्यात हनुवटीचा पट्टा कवचावरील खुंट्यांना अडकवलेला असे. १९१८ च्या नमुन्यात तो अस्तराला जोडला गेला. जुलै १९१८ च्या आदेशानुसार हिरवा, तपकिरी व पिवळसर असे रंगांचे पट्टे आणि त्यांमध्ये बोटभर काळ्या रेषा काढल्या जात. अशा शिरस्त्राणांना मोठी किंमत येत असल्याने हे रंगकाम आज नव्यानेही केले जाते. रंगाखाली जुना गंज दडलेला आढळल्यास शंका घेणे इष्ट ठरते.

मात्र प्रत्येक बदल बनावट नसतो. १९३० च्या दशकात अनेक जुन्या कवचांना १९३१ च्या नमुन्याचे अस्तर व नवा रंग देऊन ती पुन्हा सैन्यात वापरली गेली. नव्या अस्तराच्या धातुपट्टीवरील साल ही पुनर्वापराची साक्ष होय. असे शिरस्त्राण ‘मूळ रूपात’ आणण्यासाठी वरचा रंग खरवडल्यास व अस्तर काढल्यास दोन राजवटींना जोडणारा दुवाच नष्ट होतो.

जतन :
पोलादाला कोरडी हवा मानवते, तर अतिकोरड्या हवेत कातडे ठिसूळ होते. म्हणून दोहोंना सोसेल अशी स्थिर, मध्यम आर्द्रता राखावी लागते. आम्ल, घासकागद व नवा रंग टाळावा. मऊ कुंचल्याने धूळ काढावी, सुटा गंज मर्यादेत हटवावा आणि पुढे काढता येईल असा मेणाचा पातळ थर द्यावा. प्रत्येक कृतीपूर्वी छायाचित्र व नोंद आवश्यक आहे.

निष्कर्ष :
शिरस्त्राणाचे मूल्य त्याच्या चकाकीत नसून त्यावरील थरांच्या क्रमात आहे. तो क्रम वाचण्यापूर्वी केलेली दुरुस्ती म्हणजे दस्तऐवजावरील अक्षरे पुसणे होय.