म्युनिक नगरसभेचा संगणकप्रणालीविषयक निर्णय : २००३ ते २०१७

१

बव्हेरिया या जर्मन राज्याची राजधानी असलेल्या म्युनिक शहराच्या नगरसभेने २८ मे २००३ रोजी एक ठराव संमत केला. नगरप्रशासनातील सुमारे १४,००० संगणकांवरील विंडोज ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची कार्यप्रणाली काढून तिच्या जागी लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली आणावी, असा त्या ठरावाचा आशय होता. पुढे चौदा वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०१७ रोजी, त्याच नगरसभेने विंडोजकडे परत जाण्याच्या योजनेस मान्यता दिली. एकाच संस्थेने एकाच प्रश्नावर दोनदा आणि परस्परविरुद्ध निर्णय द्यावा, आणि मधल्या काळात पहिला निर्णय जवळजवळ संपूर्णपणे अमलात आलेला असावा, असा योग प्रशासनाच्या इतिहासात क्वचितच येतो.

या घटनाक्रमाची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. मुक्त कार्यप्रणाली मुळातच अव्यवहार्य होती व ते सिद्ध होण्यास चौदा वर्षे लागली, असे एक पक्ष म्हणतो. प्रणाली निर्दोष होती, परंतु बलाढ्य कंपनीच्या प्रभावापुढे लोकप्रतिनिधी नमले, असे दुसरा पक्ष म्हणतो. घटनांचा क्रम बारकाईने पाहिला असता ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी वाटतात. दोन्ही पक्ष प्रणालीची निवड ही एकदाच घडून संपणारी खरेदी आहे असे गृहीत धरतात. वस्तुतः म्युनिकने २००३ साली स्वीकारली ती केवळ एक वस्तू नव्हती. ती दीर्घकाळ सांभाळावयाची एक जबाबदारी होती. त्या जबाबदारीस अनुरूप अशी प्रशासनाची रचना वेळेवर उभी राहिली नाही, आणि पहिल्या निर्णयाचे भवितव्य तेथेच ठरले, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम संज्ञांचा विचार करणे आवश्यक आहे. संगणकाचे यंत्र आणि त्यावर काम करणाऱ्या निरनिराळ्या आज्ञावली यांच्यामध्ये राहून दोहोंचा मेळ घालणारी जी मूलभूत आज्ञावली, तिला कार्यप्रणाली अथवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. व्यापारी कार्यप्रणालीची मूळ संहिता कंपनीच्या ताब्यात असते. ग्राहकास मिळतो तो वापराचा परवाना. मुक्त कार्यप्रणालीची मूळ संहिता कोणासही वाचता येते, बदलता येते व बदललेल्या स्वरूपात इतरांस देता येते. या चळवळीचा आरंभ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पापासून धरतात. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, आणि दोहोंच्या संयोगातून एक संपूर्ण कार्यप्रणाली सिद्ध झाली.

इंग्रजीत या प्रणालीस जे विशेषण लावतात त्याचे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन्ही अर्थ होतात, व त्यामुळे बराच गोंधळ माजलेला आहे. मराठीत हे दोन शब्द सुदैवाने वेगळे आहेत. लिनक्सचा परवाना बहुधा फुकट मिळतो. परंतु ती बसविणे, तिची निगा राखणे आणि कर्मचाऱ्यांस ती शिकविणे यांपैकी काहीही फुकट नसते. म्युनिकच्या नगरसभेस हा भेद प्रारंभापासून ठाऊक होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

३

२००३ सालच्या निर्णयामागील तात्कालिक कारण शहराच्या हातात नव्हते. नगरप्रशासनातील संगणक विंडोज एनटी ४.० या १९९६ सालच्या आवृत्तीवर चालत असत. या आवृत्तीस २००४ नंतर साहाय्य मिळणार नाही, असे कंपनीने जाहीर केले होते. संगणक बिघडले नव्हते, कामेही अडली नव्हती; तथापि कंपनीच्या वेळापत्रकामुळे शहरास बदल करणे भाग पडले. बदल अटळच आहे, तर तो कोणत्या दिशेने करावा, हा प्रश्न त्यातून उपस्थित झाला.

नगरसभेने युनिलॉग या सल्लागार संस्थेकडून पर्यायांची तुलना करून घेतली. केवळ खर्चाच्या दृष्टीने पाहता मायक्रोसॉफ्टचा पर्याय स्वस्त ठरत होता. दीर्घकालीन हिताचे व स्वातंत्र्याचे मुद्दे विचारात घेता लिनक्सचे पारडे जड होते. मार्च २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर हे आपली सुट्टी अर्धवट सोडून महापौर क्रिस्तियान ऊडे यांच्या भेटीस आले. कंपनीने आपली किंमतही बरीच खाली आणली. वृत्तपत्रांत त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार ती सुमारे ३ कोटी ६६ लाख डॉलरवरून २ कोटी ३७ लाख डॉलरपर्यंत उतरली. असे असूनही नगरसभेने महाग पर्याय पत्करला.

या निर्णयाचा अर्थ लावताना पुष्कळांची गल्लत होते. काटकसरीसाठी शहराने लिनक्स घेतली, हा समज उपलब्ध माहितीशी जुळत नाही. उलट, काही काळ अधिक खर्च सोसूनही, कोणती आवृत्ती केव्हा सोडावी व केव्हा घ्यावी हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे असावा, अशी नगरसभेची भूमिका होती. कंपनीने दिलेली घसघशीत सवलत तिचे मत बदलू शकली नाही, एवढेच नव्हे तर एका विक्रेत्यावर अवलंबून राहण्याची चिंता तिने अधिक गडद केली असल्यास नवल नाही. दबावाखाली जी किंमत एक तृतीयांशाने उतरते, ती दबाव नसताना कशी ठरत असेल, हा विचार कोणत्याही ग्राहकाच्या मनात येण्यासारखा आहे.

४

ठराव संमत झाला तरी अंमलबजावणी संथ राहिली. ऑगस्ट २००४ मध्ये आज्ञावलींवरील पेटंटचा प्रश्न उपस्थित झाल्याने निविदांचे काम थांबविण्यात आले व कायदेशीर सल्ला मिळाल्यानंतर ते पुन्हा सुरू झाले. २००५ साली डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची निवड झाली; पुढे उबुंटूचा आधार घेण्यात आला. शहराने आपल्या आवृत्तीस ‘लिमक्स’ असे नाव दिले. प्रत्यक्ष संगणकांवर ती बसविण्यास २००६ च्या सप्टेंबरमध्ये आरंभ झाला, आणि काम पुरे होण्याची मूळ मुदत अनेक वर्षांनी पुढे ढकलावी लागली.

या विलंबाचे कारण कार्यप्रणालीत शोधणे व्यर्थ आहे. नगरप्रशासनातील संगणकव्यवस्था वीसहून अधिक स्वतंत्र घटकांकडे वाटलेली होती. प्रत्येक खात्याचे तंत्रज्ञ वेगळे, पद्धती वेगळ्या आणि आज्ञावलीही वेगळ्या. पत्रांचे नमुने, अर्ज आणि कार्यालयीन कामांसाठी लिहिलेल्या छोट्या आज्ञावली यांची संख्या हजारांवर होती, आणि त्या मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन आज्ञावलींशी घट्ट बांधलेल्या होत्या. कोणत्या खात्यात नेमके काय वापरले जाते याची एकत्र नोंद करणे, हेच पहिले मोठे काम होऊन बसले. अर्थात लिनक्सच्या निमित्ताने शहरास आपल्याच कारभाराची मोजदाद करावी लागली.

अंमलबजावणीत दाखविलेली एक दूरदृष्टी येथे नमूद केली पाहिजे. कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी विंडोजवरच ओपनऑफिस ही मुक्त कार्यालयीन आज्ञावली सुरू करण्यात आली, जेणेकरून कर्मचाऱ्यांच्या सवयी टप्प्याटप्प्याने बदलाव्यात. पत्रनमुन्यांच्या व्यवस्थेसाठी शहराच्या तंत्रज्ञांनी ‘वोलमक्स’ ही आज्ञावली स्वतः लिहिली व २००८ साली ती मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली केली. सार्वजनिक पैशातून झालेले काम सार्वजनिक मालकीचे व्हावे, या तत्त्वाचा तो प्रत्यक्ष आविष्कार होता.

२०१३ च्या अखेरीस प्रकल्प पूर्ण झाल्याचे घोषित झाले. सुमारे १५,००० संगणकांपैकी १४,८०० च्या आसपास संगणक लिमक्सवर आले होते. ज्या कामांसाठी लागणाऱ्या विशिष्ट आज्ञावली केवळ विंडोजवर चालत, तेथे विंडोज राहू देण्यात आली. शहराने २०१२ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे लिमक्सचा खर्च सुमारे २ कोटी ३० लाख युरो झाला होता; विंडोज व मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन आज्ञावली घेतल्या असत्या तर तो सुमारे ३ कोटी ४० लाख युरोंवर गेला असता. मायक्रोसॉफ्टसाठी एचपी कंपनीने केलेल्या पाहणीत नेमका उलट निष्कर्ष निघाला, आणि तो शहराने अमान्य केला. दोन्ही हिशेबांत कोणता खर्च धरावा व कोणता वगळावा याविषयीच मतभेद होता. ज्याची चूल आजवर विझली नाही असा हा वाद केवळ आकड्यांच्या साहाय्याने मिटणे कठीण आहे.

५

मे २०१४ मध्ये डीटर रायटर महापौर झाले. ते ऊडे यांच्याच सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. त्यामुळे पुढील बदल केवळ पक्षांतराच्या आधारे समजावून देता येत नाही. नव्या महापौरांनी संगणकव्यवस्थेविषयी उघड असमाधान व्यक्त केले. मायक्रोसॉफ्टने आपले जर्मनीतील मुख्य कार्यालय २०१६ साली शेजारच्या उंटरश्लाइसहाइम येथून म्युनिक शहरात आणले. या स्थलांतराचा आणि धोरणबदलाचा संबंध टीकाकारांनी जोडला. दोन घटना लागोपाठ घडल्या एवढ्यावरून एक दुसरीचे कारण होती असे म्हणणे इतिहासलेखनाच्या शिस्तीस धरून होणार नाही.

अधिक महत्त्वाचा पुरावा २०१६ साली ॲक्सेंचर या सल्लागार संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या अहवालात आढळतो. शहराच्या संगणकव्यवस्थेतील मुख्य दोष संघटनात्मक आहेत, असे त्यात दाखविण्यात आले होते. जबाबदाऱ्यांची विभागणी अस्पष्ट होती, निर्णयास विलंब होत होता आणि जुन्या आवृत्त्या वेळेवर बदलल्या जात नव्हत्या. विंडोज व लिनक्स या दोन्हींस वाव ठेवण्याचा पर्याय अहवालात सुचविला होता. नगरसभेने मात्र फेब्रुवारी २०१७ मध्ये एकसमान विंडोज व्यवस्थेची योजना २०२० च्या अखेरपर्यंत अमलात आणण्याच्या दृष्टीने तयार करण्यास सांगितले व नोव्हेंबरमध्ये तीस मंजुरी दिली. सुमारे २९,००० संगणकांच्या या बदलासाठी सुमारे ४ कोटी ९३ लाख युरो खर्च अपेक्षित धरण्यात आला.

येथे एक विसंगती दिसून येते. निदान संघटनेच्या दोषाचे झाले, उपाय मात्र कार्यप्रणालीवर योजला गेला. याचे कारण शोधणे कठीण नाही. कार्यालयात बसलेल्या कर्मचाऱ्यास समोर दिसते ती कार्यप्रणाली. छपाई अडली, टपाल उघडले नाही, बाहेरून आलेला दस्तऐवज विस्कटला, की दोष लिमक्सचा मानला जाई; बिघाड एखाद्या खात्याच्या जुनाट व्यवस्थेत असला तरीही. विंडोज बिघडली तर लोक संगणकास बोल लावतात. लिनक्स बिघडली तर ती आणणाऱ्या ठरावास लावतात. जे सर्वत्र रूढ आहे त्याचे दोष सृष्टिक्रम म्हणून सोसले जातात, आणि जे जाणीवपूर्वक निवडले त्याला प्रत्येक दोषाचा जाब द्यावा लागतो. २००३ साली निवड करणाऱ्या नेत्यांनी तो जाब दिला. त्यांच्यानंतर तो देणारे अधिकारपदावर राहिले नाहीत.

६

या प्रकरणाचे महत्त्व इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एका कारणाने वाटावे. कार्यप्रणालीबरोबर दस्तऐवजांचा साचाही निवडला जातो. म्युनिकने मुक्त साच्याचा स्वीकार केला. त्या साच्यास २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रातील संशोधकांस याचे मोल निराळे सांगावयास नको. पुण्याच्या पुराभिलेखागारातील मोडी कागदपत्रे शाबूत असूनही ती वाचणारे थोडे आहेत, यामुळे केवढे साहित्य अप्रकाशित राहिले हे सर्वज्ञात आहे. तथापि मोडी शिकता येते, कारण तिचे ज्ञान कोणाच्या मालकीचे नाही. ज्या साच्याची रचना खाजगी मालकीची व अप्रकट आहे, त्यात बंदिस्त झालेल्या शासकीय दफ्तराविषयी उद्याच्या अभ्यासकास तेवढीही खात्री बाळगता येणार नाही.

म्युनिकशी तुलना करण्याजोगे उदाहरण भारतात केरळचे आहे. तेथील शाळांत २००१ साली सुरू झालेला ‘आयटी ॲट स्कूल’ उपक्रम पुढील काही वर्षांत मुक्त प्रणालीवर आला व तेथेच स्थिरावला. यातील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. शाळेतील मुलाच्या मागे जुने दफ्तर नसते व सवयीही नसतात; म्युनिकच्या कारकुनाच्या मागे दोन्ही होते. शिवाय केरळात शिक्षकांस प्रशिक्षण देण्याची व प्रणालीची निगा राखण्याची कायम यंत्रणा त्या उपक्रमातच उभी राहिली. प्रणाली मूलतः एकाच जातीची होती. तिला सांभाळणारी संस्था मात्र दोन ठिकाणी भिन्न होती.

७

म्युनिकची कथा २०१७ सालीही संपली नाही. २०२० च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या ग्रीन व सोशल डेमोक्रॅटिक पक्षांच्या करारात, तांत्रिक व आर्थिक दृष्ट्या शक्य असेल तेथे मुक्त आज्ञावली व मुक्त मानके वापरण्याचे कलम समाविष्ट झाले. जर्मनीच्या उत्तरेकडील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० शासकीय संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे कार्यप्रणालीही बदलण्याचा त्या राज्याचा मनोदय होता. कार्यालयीन आज्ञावली आधी व कार्यप्रणाली नंतर, हा क्रम म्युनिकने अनुभवाने घालून दिलेला आहे.

व्यापारी प्रणाली घेणारी संस्था निगा राखण्याचे काम पैसे मोजून दुसऱ्यावर सोपविते, आणि त्याबरोबर केव्हा बदलावे हे ठरविण्याचा अधिकारही सोपविते. मुक्त प्रणाली घेणारी संस्था तो अधिकार स्वतःकडे ठेवते, आणि निगेचा भारही तिच्यावरच येतो. म्युनिकच्या नगरसभेने २००३ साली अधिकाराचे मोल अचूक ओळखले होते. भार वाहण्यासाठी खात्याखात्यांची जी पुनर्रचना हवी होती, ती मात्र तिने अपुरी व उशिरा केली. लिमक्सचा पाडाव झाला तो या अंतरामुळे. ज्या कोणा विद्यापीठास, नगरपालिकेस वा राज्यशासनास अशी निवड करावयाची असेल, त्याने परवान्याच्या किमतीआधी आपल्या संस्थेची घडी तपासावी, एवढा बोध या चौदा वर्षांच्या इतिहासातून निश्चितपणे निघतो.