काळोखाचे लेणे

जपानी सौंदर्यदृष्टीचा विषय निघाला की आपल्याकडे चेरीचा बहर, फूजी पर्वत आणि किमोनो यांच्यापुढे सहसा कोणी जात नाही. मला त्या दृष्टीची खरी ओळख पटली ती जुनिचिरो तानिझाकी या लेखकाच्या १९३३ सालच्या एका दीर्घ निबंधाने. निबंधाचा विषय आहे सावली! काळ्या लाखेच्या भांड्यावरील सोनेरी नक्षी विजेच्या झगझगाटात भडक दिसते. मिणमिणत्या ज्योतीपाशी ती पाहिली म्हणजे कारागिराचा हेतू कळतो, असे त्याचे म्हणणे आहे.

कलबुर्गी जिल्ह्यातील करजगीसारख्या गावच्या माणसाला हे बोलणे परके वाटू नये. या टापूतील जुनी घरे माळवदाची. भिंती जाड, खिडक्या लहान. भर दुपारीही माजघरात सावली असते आणि भिंतीतल्या कोनाड्यात दिवा. जपानी घरात अशीच एक खोलगट जागा असते, तिला ‘तोकोनोमा’ म्हणतात. तेथे एक चित्र टांगावयाचे, एखादे फूल ठेवावयाचे, बस्स. (तोकोनोमा आणि कोनाडा यांतले ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे, व्युत्पत्तिशोधकांनी उगाच श्रम घेऊ नयेत.)

अशाच अंधाऱ्या दालनांसाठी शेजारच्या बीदरने आपली कला घडविली. बहामनी काळापासून चालत आलेले हे बिदरी काम. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, मोरचुदाने तात्पुरते काळे करून त्यावर नक्षी कोरतात आणि त्या चरांत चांदीची तार ठोकून बसवितात. मग बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात ते बुडविले की जस्त काळेभोर होते. चांदी मात्र जशीच्या तशी शुभ्र राहते. ही माती ऊन-पाऊस न लागलेल्या जागेचीच हवी, असे कारागीर सांगतात. काळोखातूनच काळोख काढावा, असा हा प्रकार!

हुक्का, सुरई, पानदान या साऱ्या रोजच्या वापराच्या वस्तू होत्या. यानागी सोएत्सू याने १९२५ च्या सुमारास जपानात लोककलेची जी चळवळ उभी केली, तिचा आग्रह नेमका हाच होता: सौंदर्य हाताळण्यातल्या वस्तूंत पाहा. पुढे जपानने १९५० साली सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला आणि १९५५ पासून कुशल कारागिरांनाही राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला. आपल्याकडे बिदरीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ साली बीदरचे शाह रशीद अहमद कादरी पद्मश्रीने गौरविले गेले. हे उचितच झाले. पण हुक्का गेला, पानदान गेले. बिदरी आता भेटवस्तू होऊन काचेच्या कपाटात, झगमगत्या दिव्याखाली बसते. वापरातल्या भांड्यावर तेलाचे बोट फिरते, त्याचा काळा रंग गडद होतो. कपाटात विसरलेल्या भांड्याची चांदीच हळूहळू काळवंडू लागते.