हिरवळ जपणारा बूट, पाय जपणारा बूट

१/ जून १८७७. लंडनच्या 'द फील्ड' या साप्ताहिकात एक छोटी सूचना प्रसिद्ध झाली. विम्बल्डन येथील क्लबाने लॉन टेनिसची स्पर्धा जाहीर केली होती. खेळाडूंनी रॅकेट स्वतःची आणावी, आणि पायांत बिनटाचेचे बूट असावेत, अशा दोन अटी तीत होत्या. कोर्टवरच्या बुटाविषयीच्या सर्वांत जुन्या नियमांपैकी हा एक. मात्र तो खेळाडूच्या पायासाठी केलेला नव्हता. टाचेने हिरवळीत खड्डे पडतात, म्हणून तो केला होता.

२/ आज पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत बॅडमिंटनच्या कोर्टवर रंगीत पट्ट्या चिकटवून पिकलबॉल रंगतो. नव्याने येणाऱ्यांपैकी अनेकांच्या पायांत सकाळी धावायला वापरलेलेच बूट असतात. त्यांत काही वावगे आहे, असे त्यांना वाटत नाही. बूट महागाचे असतात, मऊ असतात. ते या खेळाला का चालत नाहीत, याचे उत्तर बुटाच्या पेटीवर सापडत नाही. त्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. बूट कुणाला जपतो, जमिनीला की पायाला, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

३/ प्रथम हिरवळ. १८३० मध्ये ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र तयार केले. त्याआधी सपाट हिरवळ राखायला विळे चालवणारे मजूर किंवा चरणाऱ्या मेंढ्या लागत. पुढे मोठी यंत्रे घोडे ओढू लागले, तेव्हा खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्या घोड्यांच्या पायांत कातडी बूट चढवले जात! इंग्रज उच्चवर्गाचा आपल्या हिरवळीवर केवढा जीव होता, हे त्या घोड्यांवरून कळते. खेळाडूंना घातलेली अट त्याच वृत्तीतली.

४/ मग रबर. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत तडकत असे. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांचा उपाय सापडला. १८४४ मध्ये त्याने एकस्व घेतले. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनेही जवळपास त्याच सुमारास त्याच प्रक्रियेचे एकस्व मिळवले. या एका शोधातून लॉन टेनिसच्या दोन गरजा भागल्या. जुन्या दरबारी टेनिसचा चिंध्यांचा घट्ट चेंडू गवतावर उसळत नसे. पोकळ रबरी चेंडू उसळू लागला. मेजर वॉल्टर विंगफील्डने १८७४ मध्ये आपल्या खेळाचे एकस्व घेतले, ते या चेंडूच्या भरवशावर. दुसरी गरज होती सपाट, मऊ, तरीही न घसरणाऱ्या तळाची.

५/ हा तळ कॅनव्हासला चिकटवून झालेल्या बुटाला इंग्रजांनी 'प्लिमसोल' म्हटले. तळ आणि कापड यांच्या सांध्यावर रबराची आडवी पट्टी असे. ती जहाजाच्या अंगावरील भारमर्यादेच्या रेषेसारखी दिसे, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. ती रेषा सक्तीची व्हावी यासाठी संसदेत झगडलेला सदस्य म्हणजे सॅम्युअल प्लिमसोल. त्याचा कायदा १८७६ चा. जादा माल लादून खलाशांना बुडवणाऱ्या जहाजमालकांशी भांडणाऱ्या माणसाचे नाव शेवटी श्रीमंतांच्या खेळातील बुटाला मिळाले, हा इतिहासाचा खास विनोद.

६/ याच रबराची दुसरी बाजूही आहे. सायकल आणि मोटारीच्या धावांमुळे मागणी भडकली, तेव्हा लिओपोल्ड दुसरा याच्या ताब्यातील काँगोत रबराचा ठरलेला कोटा न भरणाऱ्यांचे हात तोडले गेले. त्या मागणीत बुटांचा वाटा लहान होता, पण होता. क्रीडासाहित्याच्या इतिहासात हे पान सहसा गाळले जाते.

७/ आता पुणे. पिकलबॉलच्या कोर्टचे माप ४४ फूट बाय २० फूट आहे, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टइतके तंतोतंत. हा योगायोग नाही, त्याकडे पुढे येऊ. बॅडमिंटनला हे नाव इंग्लंडमधील ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या वाड्यावरून मिळाले. तरी १८७० च्या दशकात लष्करी छावणीतले गोरे अधिकारी त्याला 'पूना' याच नावाने ओळखत, आणि त्याचे आरंभीचे नियम पुण्यातच बांधले गेले. वाऱ्यावर फूल भरकटते, म्हणून हा खेळ हळूहळू छताखाली गेला. तिथे पायाखाली गवत उरले नाही, लाकडी फळ्या आल्या.

८/ फळ्यांवर बुटाचे काम बदलले. खेळाडू आता पुढे-मागे कमी आणि आडवा जास्त पळू लागला, लांब झेप घेऊन थबकू लागला. कॅनडाचा बॅडमिंटनपटू जॅक पर्सेल याने १९३५ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीसाठी बूट घडवला तो यासाठीच. झेप घेताना सर्वांत आधी झिजते ते बोटांवरचे कापड, म्हणून त्याच्या टोकाला रबराचे जाड कवच होते. तोच बूट पुढे फॅशनमध्ये गेला आणि आजही विकला जातो. तो घालून कॉलेजच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचे बॅडमिंटनशी असलेले नाते माहीत असेल?

९/ लाकडी फरशीने आणखी एक अट घातली. रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात काजळी मिसळतात. गाडीचे टायर काळे असतात ते त्यामुळे. पण काळा तळ फरशीवर ओरखडे उमटवतो. म्हणून सभागृहांसाठी मधाच्या रंगाचा, मऊ 'गम' रबराचा तळ रूढ झाला. आपल्याकडे जिमखान्यांच्या दारावर 'फक्त नॉन-मार्किंग बूट' अशी पाटी असते, ती विम्बल्डनच्या त्या सूचनेची थेट वंशज म्हणावी लागेल. गंमत अशी की दुकानात हाच शब्द गुणवत्तेचा शिक्का म्हणून सांगितला जातो. वास्तविक 'नॉन-मार्किंग' म्हणजे फरशीची हमी. घोट्याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही.

१०/ १९६५ चा उन्हाळा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घराशेजारी डांबरी पृष्ठभागाचे जुने बॅडमिंटन कोर्ट होते. मुले कंटाळली होती, आणि बॅडमिंटनचा पुरता संच सापडेना. प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल यांनी टेबल टेनिसच्या फळ्या आणि भोके असलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन खेळ मांडला. शेजारी बार्नी मॅक्कॅलम यांनी नंतर प्लायवूडच्या फळ्या कापल्या. जाळी ६० इंचांवरून ३६ इंचांवर आली. कोर्टचे माप मात्र तेच राहिले.

११/ म्हणजे ज्या खेळाचे नियम पुण्यात बांधले गेले, त्याच्या मापात घडलेला हा खेळ भारतात परतला तो कॅनडामार्गे. तिथे तो पाहिलेल्या मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी तो इथे रुजवला, आणि २००८ मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल संघटना स्थापन झाली. या प्रवासातली एक गोष्ट बुटासाठी निर्णायक आहे: पिकलबॉल जन्मला डांबरावर. गवत किंवा लाकूड त्याच्या वाट्याला आले नाही.

१२/ टेनिसही त्याच दिशेने निघाले होते. १९७४ पर्यंत चार प्रमुख स्पर्धांपैकी तीन गवतावर होत. अमेरिकन स्पर्धेने १९७८ मध्ये कठीण कोर्ट स्वीकारले, ऑस्ट्रेलियनने १९८८ मध्ये. गवतावर पाय थोडा घसरतो आणि तो घसरणेच गुडघ्याला वाचवते. काँक्रीटवर बूट जागच्या जागी रुततो आणि धावत्या शरीराचा सगळा भार घोटा आणि गुडघा यांवर येतो. इतिहासाची दिशा इथे उलटली. जमिनीला आता संरक्षणाची गरज उरली नव्हती, पायाला होती. १९६० च्या दशकात टेनिसमध्ये कातड्याचे बूट आले आणि कॅनव्हास मागे पडला, तेव्हा ही जाणीव दिसू लागली होती.

१३/ नेमक्या याच काळात दुसरी परंपरा जन्मली, आणि सगळा घोळ तिथे आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत रस्त्यावर धावण्याची लाट आली. प्रशिक्षक बिल बोवरमन यांनी वॉफलच्या साच्यात रबर ओतून पाहिले ते याच काळात. ईव्हीए नावाचा हलका फेसही बुटात शिरला. धावणारा फक्त पुढे जातो. त्यामुळे त्याच्या बुटाची टाच जाड आणि उंच असते, वरचे कापड जाळीसारखे विरळ असते आणि तळ सहज वाकतो. सरळ रेषेत हे सारे गुण आहेत.

१४/ आडव्या झेपेत तेच दोष ठरतात. पिकलबॉलमध्ये जाळीपासून सात फुटांच्या पट्ट्यात चेंडू हवेतच मारता येत नाही. त्या रेषेबाहेर उभे राहून डावीकडे-उजवीकडे छोटी पावले टाकायची, मध्येच मागे हटायचे, हाच या खेळाचा प्राण. धावण्याच्या बुटात अशा वेळी शरीर थांबते, पण पाय उंच फेसावरून बाहेरच्या कडेला कलतो. विरळ जाळी त्याला धरून ठेवत नाही आणि घोटा आत मुरगळतो. फेस जितका जाड, तितकी ही तरफ लांब.

१५/ पृष्ठभाग बदलला की पादत्राण बदलते, याचा पुरावा महाराष्ट्राच्या मातीतही आहे. कबड्डी मातीवर होती तोवर अनवाणी होती. ती मॅटवर गेली आणि पायांत बूट आले. कुणी परंपरा मोडायला निघाले नव्हते; मॅटने ते घालायला लावले.

१६/ पिकलबॉलमध्ये हे अधिक गंभीर आहे, कारण खेळणाऱ्यांचे वय. अमेरिकेतील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतील २०१० ते २०१९ च्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा या खेळातील बहुसंख्य जखमी साठीचे किंवा त्यापुढचे निघाले, आणि घसरणे, अडखळणे, पडणे हे प्रमुख कारण ठरले. तरुणाचा मुरगळलेला पाय काही आठवड्यांत बरा होतो. साठीतले पडणे मनगटावर किंवा खुब्यावर निभावते. घरातल्या ज्या आजोबांनी किंवा मावशींनी हा खेळ नुकताच सुरू केला असेल, त्यांच्या बुटांकडे आधी पाहावे.

१७/ दुकानात पाहायचे काय? बूट दोन्ही हातांत धरून ओल्या कपड्यासारखा पिळावा. सहज पिळला गेला तर तो परत ठेवावा. मग टोक वर दाबावे. बूट बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडता कामा नये. टाचेमागची भिंत चिमटीत दाबून पाहावी, ती कडक हवी. तळ जमिनीलगत आणि पुढच्या भागात रुंद असावा, टाचेचा उंचवटा कमी असावा. तळावर हेरिंगबोन, म्हणजे नागमोडी रेषांची नक्षी असेल तर उत्तम, कारण ती सगळ्या दिशांना सारखी पकड देते. खरेदी संध्याकाळी करावी, खेळताना वापरायचे तेच मोजे घालून. दिवसभरात पाय किंचित सुजतो. पुढे अंगठ्याच्या नखाइतकी जागा राहावी, टाच मात्र हलू नये.

१८/ 'पिकलबॉल' असे छापलेलाच बूट हवा, असे नाही. कठीण कोर्टवरचा चांगला टेनिसचा बूट हे काम उत्तम करतो, आणि पुष्कळदा स्वस्तही पडतो. लाकडी सभागृहात खेळणाऱ्याला बॅडमिंटनचा बूट पुरतो. परंतु तोच मऊ गम तळ सोसायटीच्या काँक्रीटवर नेला तर काही महिन्यांत घासून सपाट होतो. पैसे वाया गेल्याचा राग कंपनीवर निघतो, चूक मात्र जागेच्या निवडीत असते. उघड्या कोर्टसाठी कडक रबर आणि बोटांवर पर्सेलच्या बुटासारखे कवच पाहावे. पांढऱ्या कॅनव्हासच्या पीटी बुटांनी भारतातल्या कित्येक पिढ्या शाळेच्या मैदानावर खेळवल्या, हे खरे. त्या मैदानांवर माती होती, हेही खरे.

१९/ बूट कधी टाकायचा, हे वरून कळत नाही. कापड नवे दिसत असते तेव्हाही आतला फेस बसलेला असतो. दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून पाहावे. एक जरी बाहेरच्या बाजूला कललेला दिसला, किंवा अंगठ्याखालची नक्षी पुसली गेली असेल, तर तो फिरायला वापरावा आणि कोर्टवर दुसरा न्यावा.