मवाळ, जहाल आणि 'मॉडरेट'

भाषांतराच्या तासास आम्ही एकदा विद्यार्थ्यांस हवामानाविषयीचा एक साधा इंग्रजी उतारा दिला होता. त्यातील 'मॉडरेट' पावसाचे एका चुणचुणीत मुलाने 'मवाळ पाऊस' असे रूपांतर केले. वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु घरी परतताना वाटू लागले, की ही चूक एकट्या त्या मुलाची नव्हे. इतिहासाच्या पुस्तकात 'मॉडरेट' म्हणजे मवाळ असे त्याने पाठ केले होते, तेच त्याने पावसास लावले. चूक असलीच तर ती त्याच्या पणजोबांच्या पिढीची आहे, आणि तिचा एक धागा आमच्या या नागपुरातून गेलेला आहे.

या विशेषणाचे मूळ लॅटिन भाषेत असून 'मोडुस' या शब्दाचा अर्थ माप, मर्यादा असा आहे. तेव्हा 'मॉडरेट' म्हणजे मापात राहणारा; त्याच्या उलट तो, जो माप ओलांडतो किंवा अगदी टोकास जाऊन बसतो. मराठीत या एका शब्दासाठी प्रसंग पाहून निरनिराळे शब्द योजावे लागतात. दर माफक असतो, आहार परिमित असतो, भाषा संयत असते, पाऊस मध्यम असतो आणि खर्च बेताचा असतो. मात्र 'बेताचा' हा शब्द मोठा फसवा आहे. बेताचा खर्च हा गुण झाला. पण बेताची बुद्धी म्हटली की ती जवळजवळ नाहीच, आणि बेताची परिस्थिती म्हणजे सरळ गरिबी. फारसीत 'शुमार' म्हणजे गणती. तोच शब्द मराठीत 'सुमार' होऊन एखाद्या ग्रंथास लागला, की ग्रंथकाराने समजून घ्यावे. इंग्रजीतही एखाद्याची बुद्धी 'मॉडरेट' आहे असे म्हटल्यास त्याच्या मातापित्यांस आनंद होत नाही. मोजमापाचे शब्द असे हळूहळू उणेपणाकडे घसरतात, ही दोन्ही भाषांची खोड आहे.

असे असता १८९६ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी डेक्कन सभा स्थापन करताना उदारमत आणि 'मॉडरेशन' ही दोन तत्त्वे मोठ्या अभिमानाने पुढे मांडली. त्यांच्या मनात त्या शब्दाचा मूळचा, मापाचाच अर्थ होता. अशक्य गोष्टीच्या मागे न लागता शक्य तेवढे पाऊल उचलावे, हा त्यांचा आशय. पुढे १९०५ साली बंगालची फाळणी झाली, स्वदेशी आणि बहिष्कार यांची लाट उठली, आणि मग हेच बिरुद बोचू लागले.

१९०६ च्या डिसेंबरात कलकत्त्यास भरलेल्या काँग्रेसने पुढील अधिवेशन नागपुरास भरविण्याचे ठरविले. त्याचे अध्यक्षपद लोकमान्य टिळकांस मिळावे असा डॉ. मुंजे प्रभृतींचा आग्रह होता. सर गंगाधरराव चिटणवीस, सर बिपिनकृष्ण बोस यांच्या वळणाच्या मंडळींस ते मान्य नव्हते. स्वागत समितीत इतका बेबनाव झाला की अखेर नागपूर सोडून अधिवेशन सुरतेस नेण्यात आले. तेथे २७ डिसेंबर १९०७ रोजी जोडा आणि खुर्च्या यांची फेकाफेक होऊन काँग्रेस फुटली, हे सर्वश्रुतच आहे. नागपुरास ती भरली असती तर जोडा येथे उडाला असता, एवढाच फरक झाला असता असे आम्हास वाटते.

या धामधुमीत मराठी वृत्तपत्रांस दोन पक्षांसाठी सुटसुटीत नावे हवी होती. 'नेमस्त' हा शब्द हाताशी होता. त्यात नेम आहे, म्हणजे नियम आहे, आणि तो 'मॉडरेट'ला पुष्कळ जवळचा. तो काही काळ चाललाही. परंतु लोकांच्या तोंडी बसले ते मवाळ आणि जहाल. आता या जोडीकडे थोडे बारकाईने पाहावे. 'मवाळ' हा 'मऊ'चा भाऊबंद. मूळ संस्कृत मृदु. त्याचा खरा विरुद्ध शब्द कठीण किंवा निबर. 'जहाल' विष असते, औषध असते, आणि आमच्या नागपुरातील सावजी रस्सा असतो. त्याचा विरुद्ध शब्द सौम्य. एक शब्द स्पर्शाचा, दुसरा जिभेचा. वास्तविक हे परस्परांचे विरुद्धार्थी नव्हेतच. राजकारणाने त्यांचे लग्न लावून दिले आणि ते टिकले.

या भाषांतरात माप नाहीसे झाले. इंग्रजी शब्दांत वाद किती आणि कोठवर जावे याचा होता. मराठी शब्दांत तो स्वभावाचा झाला. एक पक्ष मऊ, दुसरा तिखट. मऊ म्हणवून घेणे कोणत्या तरुणास रुचेल? सरकारनेही हातभार लावला. मॉडरेटांस जवळ करावे हे मोर्ले आणि मिंटो यांचे धोरण उघड झाल्यावर तो मऊपणा लाचारीसारखा दिसू लागला.

गोखल्यांवर यामुळे अन्याय झाला असे आमचे मत आहे. १९०२ साली वरिष्ठ कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले, की तिजोरीतील शिल्लक हे सुबत्तेचे लक्षण नसून गरीब रयतेवरील जादा कराचे आहे. मिठावरील कर कमी करा. पुढल्याच वर्षी तो कर कमी झाला. या भाषणात मापून टाकलेला शब्द आहे, पण मऊ शब्द शोधूनही सापडावयाचा नाही.

टिळकांस मात्र या नावांचे स्वरूप प्रथमपासून ठाऊक होते. १९०७ च्या जानेवारीतच कलकत्त्याच्या व्याख्यानात त्यांनी सांगितले, की ही विशेषणे काळाप्रमाणे सरकणारी आहेत; कालचे टोकाचे ते आजचे मॉडरेट, आणि आजचे टोकाचेही उद्या तेच होतील. हे इंग्रजी शब्दांविषयी खरे होते, कारण मापाची पट्टी सरकविता येते. १९२० च्या डिसेंबरात काँग्रेस अखेर नागपुरास भरली आणि महात्मा गांधींचा असहकाराचा ठराव संमत झाला. त्या वेळी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि आमचे डॉ. मुंजे, म्हणजे १९०७ चे पट्टीचे जहाल, हे या नव्या कार्यक्रमास प्रतिकूल होते. टिळकांच्या हिशेबाने ते आता मॉडरेट ठरतात, आणि तसे म्हणावयास हरकतही नाही. परंतु त्यांस मवाळ म्हणावयास आमची तरी जीभ वळत नाही.